पार्किन्सन्ससाठी स्टेम सेलच्या उपचाराची वाट पाहावी की डीबीएस शस्त्रक्रिया करून घ्यावी?

तुमच्या वडिलांना नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स आहे, न्यूरोलॉजिस्टांनी डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत बारीक तारा बसवून विद्युत स्पंदने देणे) सुचवले आहे, पण स्टेम सेलचा (इतर प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशींचा) उपचार लवकरच येणार असल्याने थांबावे असे नातेवाईक म्हणतात, असे तुम्ही लिहिले आहे. थांबू नये, असे माझे ठाम मत आहे आणि त्यामागे आमच्या घराने मोजलेली किंमत आहे.

माझ्या बाबांचा दिवस गोळ्यांच्या वेळांवर चालत असे. गोळीचा असर उतरला की ते जेवता जेवता थिजत आणि हातातला घास हातातच राही. असर चढला की मान आणि खांदे आपोआप हेलकावू लागत, आणि या दोहोंमधला बरा काळ दिवसेंदिवस आखूड होत गेला. डॉक्टरांनी तेव्हाच डीबीएसचा विषय काढला होता. थोरले काका मात्र अडून बसले. “डोक्याला भोक पाडून घेऊ नकोस, स्टेम सेल आता आलेच आहेत,” असे ते म्हणत, आणि बाबांनी त्यांचा शब्द कधीच मोडला नव्हता. काकांनीच एक खासगी क्लिनिक शोधून काढले. तिथे बाबांच्याच अस्थिमज्जेतून पेशी काढून त्या पाठीच्या कण्यातून टोचल्या, भविष्यनिर्वाह निधीतली मोठी रक्कम गेली आणि थिजण्यात काडीचाही फरक पडला नाही. त्यानंतरही ‘पेशींना वेळ द्यायला हवा’ म्हणून बराच काळ दवडला गेला आणि त्यातच बाबा पडून त्यांचे मनगट मोडले.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या विकारांसारख्या मान्य आजारांतील प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर केवळ वैद्यकीय चाचणीतच व्हायला हवा. काका आजही ज्या बातम्या दाखवतात, ते संशोधन खरे आणि आशादायक आहे. परंतु एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांपैकी क्योतो विद्यापीठाच्या चाचणीत ७ रुग्ण होते, तर अमेरिका व कॅनडातील चाचणीत १२, आणि पेशी सुरक्षित आहेत की नाहीत हे तपासणे हाच दोन्हींचा मुख्य हेतू होता. शिवाय प्रयोगशाळेत घडवलेल्या त्या पेशी थेट मेंदूतल्या पुटामेन या भागात सोडल्या गेल्या, म्हणजे कवटीला भोक तिथेही पाडावेच लागले, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधेही द्यावी लागली. कण्यात टोचलेल्या पेशींचा या संशोधनाशी काहीही संबंध नाही.

डीबीएसचा अनुभव याहून कितीतरी जुना आहे. १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथे आलीम-लुई बेनाबिद यांना उच्च वारंवारतेच्या विद्युत स्पंदनांनी कंप थांबतो असे आढळले, आणि १९९० मध्ये मॅलन डिलाँग यांच्या गटाने माकडांवरील प्रयोगांतून मेंदूच्या खोल भागातले सबथॅलॅमिक न्यूक्लियस हे उपचारासाठीचे नेमके ठिकाण दाखवून दिले. २०१३ मधील २५१ रुग्णांच्या जर्मन-फ्रेंच चाचणीत औषधांसोबत डीबीएस झालेल्यांचे जीवनमान सरासरी २६ टक्क्यांनी सुधारले, तर फक्त औषधांवर असलेल्यांचे जवळपास होते तसेच राहिले. मेंदूतील बीटा लहरी (पार्किन्सन्समध्ये वाढणारे विद्युत संकेत) ओळखून स्पंदने स्वतःच कमीजास्त करणाऱ्या यंत्रणेलाही २०२५ मध्ये युरोप आणि अमेरिकेत मान्यता मिळाली आहे.

बाबांची शस्त्रक्रिया अखेर झाली आणि काही महिन्यांच्या प्रोग्रामिंगनंतर (यंत्राची स्पंदने रुग्णानुसार जुळवून घेतल्यावर) त्यांच्या गोळ्या जवळजवळ निम्म्यावर आल्या. आता ते पूर्ण जेवण स्वतःच्या हाताने करतात. काकांना अजूनही हा योगायोग वाटतो.

मात्र डीबीएसने आजाराची वाढ थांबत नाही. लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाने जी लक्षणे सुधारतात, तीच साधारणपणे डीबीएसनेही सुधारतात (कंप याला अपवाद असू शकतो). तोल आणि बोलणे यांत फारसा लाभ होत नाही, बोलणे कधी बिघडतेही, आणि स्मृतिभ्रंश असेल तर शस्त्रक्रिया टाळतात. मेंदूतील रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांचा धोका थोडा असला तरी असतो. म्हणून रात्रभर औषध बंद ठेवून सकाळी डॉक्टरांकडून लेव्होडोपा चॅलेंज चाचणी करून घ्या आणि हालचालींना औषधापूर्वी व नंतर मिळालेले गुण स्वतः पाहा. साधारण तीस टक्के किंवा त्याहून अधिक सुधारणा अपेक्षित असते. काकांच्या बाजूचा एक मुद्दा मला मान्य आहे: एकदा डीबीएस झाले की स्टेम सेलच्या चाचण्यांत सहसा प्रवेश मिळत नाही. पण तुमच्या वडिलांना अशा एखाद्या चाचणीत प्रत्यक्ष जागा मिळालेली नसेल, तर केवळ त्या आशेवर त्यांचे चालते-फिरते दिवस खर्च करू नका.