समोरच्या दाराने फ्यॅरलांडला

बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री वाचला. जूनमध्ये चार दिवस सुटी, मैत्रिणींचे बेत वेगळे, आणि एकटीने नॉर्वेच्या एखाद्या फियॉर्डात, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीत, जावं की बर्गन शहरातल्या खोलीवरच अभ्यास करत बसावं, असं तू विचारलंस. जा. आता कुठे आणि कसं, ते सांगते.

तुला तिथे सगळे फ्लोम आणि नॅरोयफियॉर्ड सुचवतील. नॅरोयफियॉर्ड २००५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तेवढं त्याचं रूपही आहे. पण एका दिवसात रेल्वे, बोट, बस असं सगळं उरकण्याच्या नादात अर्धा वेळ रांगेत जातो. पहिल्यांदा एकटी निघालीस की एकच गाव धरावं. माझं मत विचारशील तर ते गाव फ्यॅरलांड. भाचीकडे बर्गनला राहिले होते त्या उन्हाळ्यात मी तिथे एकटीच गेले होते.

बर्गनहून एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नकोस. आदल्या दिवशी बंदरावरून निघणाऱ्या वेगबोटीने बालेस्ट्रांडला जा. साधारण चार तास लागतात. वाटेत थोडा वेळ बोट उघड्या समुद्राच्या वाऱ्यात येते, तेव्हा पोटाचा त्रास होत असेल तर नाश्ता हलका ठेव. मग ती सोग्नेफियॉर्डात शिरते आणि पाणी शांत होतं. हा फियॉर्ड दोनशे किलोमीटरहून लांब आहे आणि त्याची खोली जवळजवळ १३०० मीटर. तू वाईची, म्हणून तुला हे दुसऱ्या मापाने सांगते. पसरणीचा घाट चढून आपण पाचगणीला पोचतो, ती समुद्रसपाटीपासून जितकी वर आहे, साधारण तितकाच तिथला तळ बोटीखाली आहे. हिमनद्यांनी खडक कोरत कोरत केलेली ही दरी, आणि बर्फ हटल्यावर तिच्यात आलेला समुद्र. त्यावरून जाताना हे एकदा मनात आण.

बालेस्ट्रांडला रात्र काढ. तिथलं सेंट ओलाफ हे लाकडी इंग्रजी चर्च १८९७ चं आहे, संध्याकाळी चालत जाऊन बघून ये. सकाळी फ्यॅरलांडची बोट धर. ही बोट फक्त उन्हाळ्यात असते आणि वेळा दरवर्षी बदलतात, तेव्हा चालू वर्षाचंच वेळापत्रक बघ.

बोटीत आतल्या गरम खुर्चीत बसू नकोस. मागच्या डेकवर जा. वारा बोचतो, म्हणून कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट हवंच, जून असला तरी. सुमारे दीड तास बोट उत्तरेकडे जाते आणि त्या वेळात पाण्याचा रंग तुझ्या डोळ्यांदेखत बदलतो. आधी गडद, जवळपास काळं. मग हिरवट. शेवटी थोडं दूध घातल्यासारखं, गढूळ हिरवं. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, पाणी घाण दिसतंय. ती घाण नव्हे. वर योस्टेडालची मोठी हिमनदी आहे, युरोपच्या मुख्य भूमीवरची सर्वांत मोठी. ती खडक घासते, त्याचं पीठ होतं, अगदी जात्यातून पडल्यासारखं बारीक, आणि वितळलेल्या पाण्याबरोबर ते खाली येतं. पीठ इतकं हलकं की लवकर तळाशी बसत नाही, आणि त्याच्यावर पडलेला उजेड हिरवा होऊन परततो. धक्क्यावर उतरल्यावर काचेच्या बाटलीत थोडं पाणी घे आणि उन्हात धर. मी धरलं होतं. बाटलीत धुकं भरल्यासारखं दिसत होतं.

१९८६ पर्यंत या गावाला रस्ताच नव्हता. डोंगरातून बोगदा काढला आणि त्याचं उद्घाटन अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष वॉल्टर माँडेल यांच्या हस्ते झालं, कारण त्यांचं घराणं मूळचं इथलं, गावाच्या मुंडाल या भागातलं. त्याआधी बाळंतिणीपासून पिठाच्या पोत्यापर्यंत सगळं बोटीने यायचं-जायचं. म्हणून तू बोटीनेच जा, असा माझा आग्रह आहे. जुनं हॉटेल, चर्च, घरं, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे आहेत. रस्त्याने आलेला माणूस मागच्या दाराने येतो. बोटीने आलीस की गाव तुला समोरून भेटतं.

आणि हे गाव पुस्तकांचं आहे. आपलं भिलार मे २०१७ मध्ये झालं, फ्यॅरलांड तर नव्वदच्या दशकापासून. भिलारला लोकांनी घरातल्या खोल्या पुस्तकांना दिल्या, तिथे बसून वाचायचं. इथे जुनी पुस्तकं विकायला आहेत, आणि तीही गोठ्यांत, गोदामांत, रस्त्याकडेच्या फळ्यांवर. आयुष्यभर मी शाळेचं ग्रंथालय सांभाळलं, पुस्तक उघड्यावर म्हटलं की माझ्या छातीत धस्स होतं. पण त्या फळीपुढे मी बराच वेळ उभी राहिले. वर उतरतं छत, पुस्तकांचे पुठ्ठे हाताला गार, किंचित सर्दावलेले, कडेला पैसे टाकायची पेटी आणि आसपास एकही माणूस नाही. पैसे टाक, पुस्तक घे. मी वनस्पतींच्या चित्रांचं एक शालेय पुस्तक घेतलं. नॉर्वेजियन मला येत नाही, चित्रं वाचता येतात. तुझ्याकडे तिथलं मोबाइल पेमेंट असेलच, तरी दहा-वीस क्रोनरची चार नाणी बरोबर ठेव.

हिमनदी संग्रहालय धक्क्यापासून तीनेक किलोमीटरवर आहे. पुढे बस ब्योयाब्रेनपर्यंत नेते, हा त्याच मोठ्या हिमनदीचा खाली उतरलेला एक फाटा. बर्फाचा निळा रंग फोटोत असतो त्याहून खोल असतो. कितीही जवळ वाटला तरी दोरीच्या, पाटीच्या पुढे पाऊल टाकू नकोस. बर्फाचे कडे न सांगता कोसळतात आणि खाली उभी असलेली माणसं त्यात गेली आहेत. या बाबतीत तुझ्या धीटपणावर माझा विश्वास नाही, हे स्पष्टच लिहिते.

आता माझी चूक ऐक. संग्रहालयाहून परत धक्क्यावर यायची बस मी वेळापत्रकात पाहून ठेवली होती. वेळेपुढे बारीक अक्षरांत डीएक्स ६७ लिहिलं होतं. मी तो बसचा नंबर समजले. त्याचा अर्थ, रोज, पण वार ६ आणि ७ सोडून. तिकडे आठवडा सोमवारपासून मोजतात, म्हणजे शनिवार-रविवार नाही. आणि तो शनिवार होता. वाट पाहण्यात वेळ घालवला, मग तीन किलोमीटर भरभर चालत आले, तर बोटीमागचा पांढरा पट्टा तेवढा दिसला. एका पुस्तकवाल्या बाईंनी फोन करून खोली मिळवून दिली, रात्र नीट गेली. पण पहिला अर्धा तास त्या धक्क्यावर हातपाय गार पडले होते, तो तुझ्या वाट्याला यायला नको. म्हणून दिवसाची आखणी परतीच्या बोटीपासून मागे मोजत कर. बोटीच्या तासभर आधी धक्क्याच्या आसपास असायचं, मग तो तास फळ्यांवरची पुस्तकं चाळण्यात घालव.

डबा ने. तिथली माणसं पावाचे काप मध्ये कागद घालून बांधून नेतात, मातपाक्के म्हणतात त्याला. त्यामुळे बाकावर एकटीने डबा उघडून बसलेल्या मुलीकडे कुणी वळूनही पाहणार नाही. खोलीवरच्या मैत्रिणीला बोटीच्या वेळा लिहून दे. पोलिसांचा नंबर ११२, रुग्णवाहिकेचा ११३.

आणि दुपारी कधीतरी तुला फार एकटं वाटेल. मलाही वाटलं होतं, चर्चजवळच्या भिंतीवर बसले असताना, अगदी रडू येण्याइतकं. तेव्हा लगेच फोन काढून घरी लावू नकोस. दहा मिनिटं तशीच बस. मी बसले, तेव्हा समोरच्या डोंगरावरून पाण्याच्या सहा धारा पडताना दिसल्या, आणि मग त्यांचा आवाज आला, जो तोवर ऐकूच आला नव्हता.

वेळापत्रक हाती आलं की त्याचा फोटो मला पाठव. बारीक अक्षरं मी भिंग लावून वाचून देते.

तुझ्या ग्रंथालयाच्या बाई