वाचकांचे प्रश्न : उफिझीत गाइडसोबत की गाइडविना?

प्रश्न : येत्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघे इटलीला जात आहोत. फ्लॉरेन्समध्ये मुक्काम दोनच दिवसांचा आहे. उफिझी कलादालन पाहायचे नक्की केले आहे. पण चित्रकलेचे आमचे ज्ञान कॅलेंडरवरच्या चित्रांपलीकडे गेलेले नाही. मुलाचे म्हणणे, लहान गटाची गाइडसह फेरी घ्यावी. नुकतीच जाऊन आलेली मैत्रीण सांगते की गाइडच्या मागे धावण्यात चित्रे पाहायची राहूनच जातात. शिवाय यजमानांना गुडघ्यांचा त्रास आहे. काय करावे?
— एक निवृत्त शिक्षिका, ठाणे

उत्तर : फेरी अवश्य घ्यावी, मात्र ती दोन तासांच्या आसपासची असावी, सकाळची असावी, आणि ती संपल्यावर आपण दोघांनी बाहेर न पडता आतच थांबावे. गाइड निघून गेली तरी तिकिटाची मुदत संपत नाही. दालन बंद होईपर्यंत आत राहता येते. एकदा बाहेर पडल्यावर मात्र त्याच तिकिटावर पुन्हा प्रवेश मिळत नाही. आपल्या मैत्रिणीची तक्रार खरी आहे, पण ती बहुधा फेरी संपताच गटाबरोबर बाहेर पडली असावी.

गाइड कशासाठी हवी, हे समजण्यासाठी उफिझीचा स्वभाव थोडा माहीत असावा लागतो. ही वास्तू संग्रहालय म्हणून बांधलेलीच नव्हती. फ्लॉरेन्सचा ड्यूक कोझिमो द मेदिची (पहिला) याने राज्यकारभाराची विखुरलेली खाती एका ठिकाणी आणण्यासाठी १५६० मध्ये वास्तुकार आणि चित्रकारांचा चरित्रकार जॉर्जो वाझारी याच्याकडून तिचे काम सुरू करवून घेतले, आणि ‘उफिझी’ या शब्दाचा अर्थही ‘कचेऱ्या’ एवढाच आहे. कोझिमोचा मुलगा फ्रांचेस्को याने सर्वांत वरच्या मजल्यावर घराण्याचा संग्रह मांडायला सुरुवात केली. पुढे घराण्याचा वंश खुंटला, तेव्हा शेवटची वारस आन्ना मारिया लुइझा हिने १७३७ मध्ये नव्या राजघराण्याशी करार करून घातलेली अट अशी, की या संग्रहातील कोणतीही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर नेली जाऊ नये. १७६९ मध्ये दालन लोकांसाठी खुले झाले. त्या बाईने ही अट घातली नसती, तर यातले किती फ्लॉरेन्समध्ये उरले असते, कोण जाणे.

वरच्या मजल्यावरची मांडणी साधारणपणे काळाच्या क्रमाने पुढे सरकते, आणि नवख्या माणसाची चूक नेमकी तिथेच होते. सुरुवातीच्या दालनांत सोनेरी पार्श्वभूमीवरच्या मेरीमाता एकामागून एक दिसू लागतात, त्या सगळ्या सारख्याच वाटतात, आणि मग ‘बोत्तिचेल्ली कुठे आहे’ असे विचारत माणूस पुढे पळतो. गाइडचे मानधन वसूल होते ते याच दालनांत. एका दालनात सिंहासनस्थ मेरीची तीन प्रचंड चित्रे एकत्र आहेत : एक चिमाबुए याचे, एक दुच्चो याचे आणि एक जोत्तो याचे. तिन्ही फ्लॉरेन्सच्या वेगवेगळ्या चर्चमधून आलेली. दुच्चोच्या चित्राचा करार १२८५ सालचा आहे, चिमाबुएचे चित्रही त्याच सुमाराचे आहे, आणि जोत्तोचे त्यानंतर साधारण वीस-पंचवीस वर्षांनी झालेले आहे. विषय तोच, सोने तेच, देवदूतही तेच. पण चिमाबुएचे देवदूत सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना एकावर एक रचल्यासारखे दिसतात, तर जोत्तोचे देवदूत जमिनीवर उभे आहेत, एकमेकांच्या आड येतात, आणि मागच्या काहींचे चेहरे पुढच्यांमुळे झाकले गेले आहेत. जोत्तोच्या मेरीच्या वस्त्राखाली गुडघे आहेत, छातीचा उभार आहे, शरीराला वजन आहे. ती खरोखर बसलेली आहे. पुढच्या दोनशे वर्षांत या शहरात कलेचे जे प्रबोधन (रेनेसान्स) घडले त्याची सुरुवात या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे मान वळवताना दिसते. हे कुणी बोट ठेवून दाखवले नाही, तर मी स्वतः पहिल्या भेटीत जसा पुढे निघून गेलो, तसेच आपणही जाल.

आता गटाच्या आकाराविषयी. ‘लहान गट’ या शब्दाला कोणतेही ठरलेले माप नाही. कुणी आठ जणांना लहान गट म्हणतो, कुणी वीस जणांना. वरील तीन चित्रांसमोर वीस माणसे उभी राहिली तरी बिघडत नाही, कारण ती कित्येक फूट उंच आहेत. पण पिएरो देल्ला फ्रांचेस्का याने काढलेली उर्बिनोच्या ड्यूक आणि डचेसची जोडचित्रे पाहा : प्रत्येक चित्र जेमतेम ४७ सेंटिमीटर उंच आणि ३३ सेंटिमीटर रुंद. ड्यूक फेदेरिकोचा उजवा डोळा द्वंद्वाच्या खेळात गेला होता, म्हणून चित्रात त्याची केवळ डावी बाजू दिसते. समोर पांढुरकी, निस्तेज दिसणारी त्याची पत्नी. दोघांच्या मागे पसरलेल्या निसर्गदृश्यातले रस्ते, पाणी, टेकड्या जवळून पाहिल्याशिवाय कळत नाहीत, आणि चित्रांच्या पाठीमागच्या बाजूलाही विजयरथांची चित्रे आहेत, त्यासाठी फिरून पलीकडे जावे लागते. इथे बारावा माणूस केवळ पुढच्याची पाठ पाहतो. माझ्या एका भेटीत ‘कमाल पंधरा’ असे लिहून देणाऱ्या आयोजकाने ऐन वेळी दोन गट एकत्र केले आणि आम्ही चोवीस झालो. त्या दिवशी ड्यूकचे नाक मला दिसले ते पुस्तकातच. म्हणून पैसे भरण्याआधी कमाल संख्या लेखी विचारावी, आणि दहा-बाराच्या वर असेल तर दुसरा आयोजक शोधावा.

याच वेळी आणखी काही विचारून घ्यावे. फेरी नेणारी व्यक्ती परवानाधारक गाइड आहे, की केवळ गटाला रांगेतून आत सोडणारी आयोजकाची प्रतिनिधी आहे? इटलीत संग्रहालयात गाइड म्हणून काम करण्यासाठी परवाना लागतो, आणि जाहिरातीत ही दोन कामे पुष्कळदा एकाच शब्दात मिसळलेली असतात. सांगितलेल्या दरात प्रवेशिका धरलेली आहे का? फेरी केवळ इंग्रजीत आहे, की गाइड तेच वाक्य दोन भाषांत सांगणार आहे? दुसऱ्या प्रकारात आपला अर्धा वेळ वाया जातो. ‘रांग टाळा’ या शब्दांवर फार विसंबू नये. तिकिटाची रांग टळते, पण सामानाच्या तपासणीची रांग कुणालाच टळत नाही. मोठी पिशवी आणि छत्री खाली जमा करावी लागते. कानात घालायचे छोटे यंत्र बहुतेक आयोजक देतात, आणि ते घ्यावेच. गाइडच्या तोंडाकडे पाहत राहण्याऐवजी थोडे बाजूला उभे राहून चित्राकडे पाहत ऐकता येते.

चांगल्या गाइडची माझी स्वतःची कसोटी अशी आहे की तिने दोन तासांत बारा-पंधरापेक्षा जास्त चित्रे दाखवू नयेत. बोत्तिचेल्लीच्या दालनात गर्दी ‘व्हीनसचा जन्म’ या चित्रासमोर असते. पण तिथे बोलण्यासारखे अधिक आहे ते ‘प्रिमावेरा’ या वसंतऋतूच्या चित्रात, आणि ते उजवीकडून डावीकडे वाचायचे असते, हे सहसा कुणी सांगितल्यावाचून लक्षात येत नाही. उजव्या कोपऱ्यात निळसर अंगाचा पश्चिमवारा झेफिर क्लोरिस नावाच्या परीला पकडतो आहे, तिच्या तोंडातून फुले ओघळत आहेत, आणि लगेच शेजारी तीच फुलांच्या वस्त्रातली फ्लोरा देवी होऊन उभी आहे. मध्यभागी प्रेमदेवता व्हीनस, मग फेर धरलेल्या तिघी, आणि डाव्या टोकाला छडीने ढग दूर सारणारा देवांचा दूत मर्क्युरी. एवढे कळले की उरलेले चित्र पाहायला आपणा दोघांना कुणाचीही गरज लागणार नाही. हे चित्र लाकडी फळ्यांवर आणि ‘व्हीनसचा जन्म’ कापडावर आहे. दोन्हींसाठी रंग अंड्याच्या बलकासारख्या माध्यमात कालवलेले आहेत. जवळच फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमच्या) ह्यूगो व्हान देर गूस याचे तीन फळ्यांचे भव्य तैलचित्र आहे, जे मेदिची घराण्याच्या बँकेच्या, फ्लँडर्समधल्या ब्रुज शहरातील प्रतिनिधीने करवून घेतले आणि १४८३ मध्ये फ्लॉरेन्सला पोचवले. तेलात कालवलेला रंग काय करू शकतो, हे या शहरातल्या चित्रकारांना त्याच्यासमोर उभे राहून पाहता आले. त्यातल्या मेंढपाळांचे रापलेले, भाबडे चेहरे मला व्हीनसपेक्षा अधिक आवडतात, पण तो माझा हट्ट समजावा.

लिओनार्दोच्या दालनात वेर्रोक्यो या त्याच्या गुरूचे ‘ख्रिस्ताचा बाप्तिस्मा’ हे चित्र आहे. त्यातला डावीकडे टोकाला असलेला देवदूत शिष्याच्या हातचा आहे, आणि शेजारच्या देवदूताशी त्याची तुलना केली की वेगळे सांगावे लागत नाही. मायकेलअँजेलोचे ‘दोनी तोंदो’ हे गोल चित्र चुकवू नये. फळीवरचे त्याचे पूर्ण झालेले आणि निर्विवादपणे त्याचेच असलेले हे एकमेव चित्र. वाझारीने त्याची एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे : आन्योलो दोनी या गिऱ्हाइकाने ठरलेल्या सत्तर मोहरांऐवजी चाळीसच पाठवल्या, तेव्हा चित्रकाराने शंभर मागितल्या, गिऱ्हाईक सत्तरांवर आले, तेव्हा त्याने दुप्पट म्हणजे एकशे चाळीस मागून त्या वसूल केल्या. घासाघीस कुणाशी करावी, हे या दोनीला उमगले नव्हते. राफाएलने काढलेली त्याची आणि त्याच्या पत्नीची व्यक्तिचित्रे त्याच दालनात आहेत. चेहरा पाहिला की गोष्ट खरी वाटू लागते.

गुडघ्यांचे म्हणाल, तर दालनाचा मुख्य भाग सर्वांत वरच्या मजल्यावर आहे आणि तिथे नेणारा जिना उंच व दमवणारा आहे. लिफ्ट आहे, पण ती सर्वांसाठी सर्रास चालवली जात नाही. म्हणून आरक्षण करतानाच आयोजकाला कळवावे आणि भेटीच्या ठिकाणी गाइडला पुन्हा आठवण करावी. लांब मार्गिकांमध्ये बसायला बाके आहेत. फेरीनंतर दोन्ही मार्गिका जोडणाऱ्या आखूड भागातल्या खिडकीशी जरा थांबावे; तिथून आर्नो नदी आणि पोन्ते वेक्यो हा जुना पूल समोर दिसतो. गच्चीवरच्या उपाहारगृहातली कॉफी महाग आहे, पण खुर्ची मिळते, आणि यजमानांना त्या क्षणी तीच हवी असेल. सोमवारी दालन बंद असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश विनामूल्य असतो, आणि नेमक्या त्याच कारणाने त्या दिवशी जाऊ नये.

प्रश्न : मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा उफिझीतच आहे ना? एकाच फेरीत दोन्ही होईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. मूळ डेव्हिड १८७३ पासून अकादेमिया दालनात आहे; ते उफिझीपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे आणि त्याचे तिकीट वेगळे. उफिझीशेजारच्या चौकात, पालाझ्झो वेक्योच्या दाराशी उभा आहे तो त्याची नक्कल. दोन्ही दालने एकाच दिवशी दाखवणाऱ्या जोडफेऱ्या मिळतात. पण दुपारी दुसऱ्या दालनात पोचेपर्यंत डोळे थकलेले असतात, म्हणून त्या दोन दिवसांत विभागून घ्याव्यात.

प्रश्न : अकरा वर्षांची नात बरोबर आहे. तिला कंटाळा येईल का? तिचे तिकीट काढावे लागेल का?
— एक आजोबा, पणजी

उत्तर : अठरा वर्षांखालील मुलांना, ती कोणत्याही देशाची असोत, प्रवेश विनामूल्य आहे, वयाच्या पुराव्यासाठी पारपत्र जवळ ठेवावे. मात्र आयोजक गाइडच्या फेरीचे वेगळे पैसे घेऊ शकतो. दोन तास तिच्यासाठी फार आहेत. तिला काराव्हाज्जोची ढालीवर रंगवलेली मेदुसा, म्हणजे ग्रीक पुराणातली केसांऐवजी साप असलेली राक्षसी, दाखवावी. त्या डोक्यावरचे साप मोजण्यात तिचा वेळ मजेत जाईल.

प्रश्न : कोल्हापूरच्या एका महाराजांचे स्मारक फ्लॉरेन्समध्ये आहे, असे ऐकले आहे. उफिझीच्या फेरीत ते दाखवतात का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, पण उफिझीच्या फेरीत ते येत नाही, आणि शहराच्या नेहमीच्या फेऱ्यांतही क्वचितच येते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, तिथेच निवर्तले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होते. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू रीतीने अंत्यसंस्कार करण्यात आले. त्याच जागी १८७४ मध्ये छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. पुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकाराचा, आणि छत्रीची रचना चार्ल्स मँट यांची, ज्यांनी पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला. फ्लॉरेन्सचे लोक या स्मारकाला ‘इंदियानो’ म्हणजे ‘भारतीय’ म्हणतात, आणि जवळून जाणाऱ्या पुलालाही तेच नाव आहे. स्मारक कास्चिने उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. शहराकडच्या बाजूने उद्यानात शिरल्यास नदीकाठाने जवळपास तासभर चालावे लागते, म्हणून जाताना टॅक्सी करावी आणि परतताना, ऊन उतरल्यावर, झाडांतून पायी यावे.