कोल्हापूर ते नांदेड विमानाने किती अंतर आहे आणि किती वेळ लागतो? आईला अंबाबाई करून पुढे माहूरला न्यायचंय.

उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूर विमानतळाच्या, रनवेपासून नांदेडच्या रनवेपर्यंत सरळ रेघ मारली तर साधारण 425 किमी, वैमानिकांच्या भाषेत 230 नॉटिकल मैल. अशा छोट्या गावांना बहुतेक वेळा एटीआर जातं, पंख्याचं विमान, ते ताशी 500 किमीच्या आसपास उडतं म्हणजे हिशोबाने पन्नास मिनिटं, पण वर चढणं, खाली उतरणं, रनवेपर्यंत सरपटत जाणं सगळं धरून तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास लिहितात. जेट असेल तर दहा-पंधरा मिनिटं वाचतील, एवढ्याशा अंतरात त्याला धड वेग घ्यायलाच सवड नसते.

पण ही झाली सरळ रेघ. डायरेक्ट विमान नसेल आणि मुंबईवरून जायची वेळ आली तर कोल्हापूर-मुंबई 308 आणि मुंबई-नांदेड 468, म्हणजे जवळजवळ 775 किमी, आणि मध्ये आमच्या मुंबईत तीन-चार तास बसकण. आधी पश्चिमेला यायचं आणि मग सगळं परत पूर्वेला जायचं, द्राविडी प्राणायाम नुसता! उडानमध्ये, म्हणजे छोट्या शहरांच्या विमानांसाठीच्या सरकारी योजनेत, मदत ठरावीक वर्षंच मिळते, ती संपली की रूट टिकेलच असं नाही, म्हणून जुन्या उत्तरांवर न जाता तुमच्या तारखेचं बुकिंग उघडून बघा.

मी पार्ल्यात राहतो, माहेर कोल्हापूरचं आहे बायकोचं, त्यामुळे कोल्हापूर-मुंबई हा अर्धा रस्ता पाठ आहे. एटीआरमध्ये मागच्या दाराने चढायचं, पंख वर असतो त्यामुळे खिडकीची सीट मिळाली तर चाकं पोटात जाताना अगदी डोळ्यासमोर दिसतात, माझा मुलगा त्यासाठी भांडतो. एकदा घड्याळ लावून बसलो होतो, चाळीस मिनिटांत खाली पनवेलकडचे डोंगर दिसायला लागले, म्हटलं आलोच, आणि मग दोन चकरा. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत, त्यामुळे रांग. 308 किमीला पावणेदोन तास गेले त्या दिवशी.

आता तुम्ही लिहिलंय की आईला अंबाबाई करून पुढे माहूरला न्यायचंय, तर खरं सांगू का, विमान कशाला? नांदेडला उतरून माहूर अजून सव्वाशे-दीडशे किमी आहे, तिथे गाडी करावीच लागणार. त्यापेक्षा कोल्हापूरहूनच गाडी करा, सांगली, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड असा हायवे आहे, नांदेडपर्यंत पाचशेच्या आसपास किमी, वाटेत तुळजाभवानी होते, साडेतीन पीठांतली तीन एका फेरीत. तुळजापूरला मुक्काम टाका, सकाळी लवकर दर्शन घ्या, म्हाताऱ्या माणसाला एका दिवसात सगळं झेपत नाही. माहूरलाही गडावर पायऱ्या आहेत, आईंचे गुडघे दुखत असतील तर डोलीची चौकशी आधीच करून ठेवा.