मॅडम, ह्युमिडिफायर चालू ठेवू की बंद करू?

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात या दिवसांत उभं राहायला जागा नसते. ज्या पालकांना औषधापेक्षा बोलण्याची गरज आहे असं आमच्या डॉक्टरांना वाटतं, त्यांना ते आतल्या छोट्या खोलीत माझ्याकडे पाठवतात. त्या दिवशी मृणाल आली (नाव बदललंय). कडेवर सोळा महिन्यांची मुलगी. नाकाखाली शेंबूड वाळलेला, पण पोरगी मजेत होती. आल्या आल्या तिनं माझं पेन ताब्यात घेतलं. आईचे डोळे मात्र खोल गेले होते.

"मॅडम, मशीन रात्रभर चालू असतं. तीन आठवडे झाले, खोकला जात नाही. आता मला वाटायला लागलंय, त्या मशीननंच तर होत नाही ना? चालू ठेवू की बंद करू, एवढंच सांगा."

हा प्रश्न गेली दोन-तीन वर्षं दर हिवाळ्यात येतो. या खेपेला जरा जास्तच आला, आणि त्याला कारण आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची मुलं खोकल्याच्या विषारी औषधानं दगावली. त्यातल्या कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं, त्यामुळे आपल्याकडे ती बातमी घराघरांत पोचली. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पुन्हा बजावलं. ते योग्यच झालं. पण बाटली घरातून गेली तरी रात्री दोन वाजता खोकणारं लेकरू समोर असतंच, आणि आईला काहीतरी करायचं असतं. मग मोबाइलवर मशीन दिसतं.

"मशीन म्हणजे नेमकं कुठलं?" मी विचारलं. हे विचारावंच लागतं, कारण आपल्याकडे तीन वेगळ्या वस्तूंना एकच शब्द वापरतात. नेब्युलायझर म्हणजे डॉक्टरांनी दिलेलं औषध मास्कमधून छातीत पोचवणारं यंत्र. वाफेचं मशीन पाणी उकळून गरम वाफ सोडतं. आणि ह्युमिडिफायर खोलीतल्या हवेत ओलावा सोडतो. मृणालच्या बोलण्यात हे तिन्ही शब्द आलटून पालटून येत होते. शेवटी मी म्हटलं, "उद्या पिशवीत घालून घेऊनच या."

दुसऱ्या दिवशी तिनं कापडी पिशवीतून एक पांढरं, हत्तीच्या आकाराचं भांडं काढलं. सोंडेतून धुकं येतं. अल्ट्रासोनिक ह्युमिडिफायर, थंड फवाऱ्याचा. अमेरिकेत असलेल्या नणंदेनं सुचवलेला. नणंदेचं काही चुकलं नव्हतं. तिच्याकडे बाहेर बर्फ आणि घरात चोवीस तास हीटिंग. गारठलेली हवा तापवली की ती कमालीची कोरडी होते, ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं. तिथले बालरोगतज्ज्ञही सर्दीत थंड फवाऱ्याचं मशीन सुचवतात, आणि गरम वाफेचं नको असं बजावतात. पण मृणालचं घर पिंपरी-चिंचवडच्या बाजूला आहे, हे नणंदेच्या सल्ल्यात कुठेच नव्हतं.

मी टाकीचं झाकण काढलं आणि आत बोट फिरवलं. बुळबुळीत. बोटाला फिकट गुलाबी थर लागला. तो मृणालला दाखवला तेव्हा ती गप्प झाली. "मी रोज पाणी भरते," म्हणाली. भरत होती, उरलेलं पाणी ओतून, टाकी घासून भरत नव्हती. रोज रात्री कालच्या पाण्यावर आजचं पाणी. वास आला तो निलगिरीचा. आणि तळाशी कापराच्या वडीचे बारीक कण.

"टीव्ही कुठल्या रंगाचा आहे?" मी विचारलं. तिला वाटलं असेल, बाई भलतीकडेच चालल्या. "काळा. का हो? अय्या, त्यावर सारखी पांढरी पूड बसते हल्ली. मला वाटलं बाजूला बांधकाम चालू आहे त्याची."

ती पूड सोसायटीच्या बोअरच्या पाण्यातली होती. किटलीतून वाफ निघते तेव्हा क्षार किटलीत मागे राहतात. तळाला पांढरा थर बसतो तो त्यांचाच. अल्ट्रासोनिक मशीन पाणी उकळत नाही, थरथरवून त्याचे बारीक तुषार उडवतं. पाण्यात जे असेल ते सगळं तुषारांबरोबर हवेत: क्षार, टाकीतले जंतू, निलगिरी, कापूर. टीव्हीवर बसलेली पूड दिसते, छातीत गेलेली दिसत नाही. म्हणून यात डिस्टिल्ड पाणी घालायला सांगतात. पाणी उकळून गार केलं तर जंतू मरतात, पण क्षार बहुतेक तसेच राहतात.

टाकीत काहीही घालू नये, हे सांगताना मी दक्षिण कोरियाची गोष्ट सांगतेच. तिथे १९९४ पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायचं जंतुनाशक दुकानात मिळायचं. टाकी स्वच्छ राहावी म्हणून मुलांच्या काळजीनं आया ते विकत घेत होत्या. २०११ मध्ये फुप्फुसं निकामी झालेल्या गरोदर बायका आणि बाळं यांचा माग काढता काढता तपास या बाटलीपाशी पोचला. मृतांचा आकडा हजारावर गेला. त्वचेला लागलं तर फारसं न बिघडवणारं रसायन तुषारांतून श्वासात गेलं की काय करतं, हे तेव्हा कळलं. मृणालच्या टाकीत ते रसायन नव्हतं, पण "दोन थेंब डेटॉल टाकू का मग?" असं तिनं त्याच बैठकीत विचारलं होतं, म्हणून ही गोष्ट. कापराचं आणि निलगिरीचंही तसंच. चुकून पोटात गेलं तर लहान मुलांना झटके येऊ शकतात, आणि रांगतं मूल जमिनीवर ठेवलेल्या हत्तीची सोंड तोंडात घालणार नाही याची हमी कोण देणार?

एवढं झाल्यावरही "बंद करा" असं मी म्हटलं नाही. आधी खोलीतली हवा किती दमट आहे ते बघू म्हटलं. आर्द्रता मोजायचा छोटा मीटर काही शे रुपयांत मिळतो. घरातली आर्द्रता तीस ते पन्नास टक्के असावी, साठच्या वर जाऊ देऊ नये, हा साधा हिशेब. चौथ्या दिवशी पहाटे पाचला व्हॉट्सअॅपवर फोटो आला: ७८. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, तीन माणसांचे श्वास आणि हत्ती. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. दुसरा फोटो कपाटामागच्या भिंतीचा होता. तिथे काळे ठिपके उठलेले. पुढच्या रात्री मशीन बंद ठेवायला सांगितलं. आकडा आला ५४. म्हणजे या खोलीला मशीनची गरज मुळातच नव्हती. वर बुरशीला आणि गादीतल्या धुळीच्या किड्यांना हवं तसं हवामान आपणच पाणी घालून तयार करत होतो. खोकला त्यानंच रेंगाळला असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पाळणाघरात नव्यानं जाणाऱ्या मुलाचा खोकला तसाही दोन-तीन आठवडे चालतो, आणि एक संपायच्या आत दुसरी सर्दी येते.

इथे एक कबुली. काही वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या एका आईनं फोनवर हाच प्रश्न विचारला होता, आणि मी "घ्या, थंड फवाऱ्याचा घ्या, काही बिघडत नाही" म्हणून मोकळी झाले होते. ती राहते कुठे, हे मी विचारलंच नाही. मुंबई-ठाण्याच्या हवेत वर्षातला बहुतेक काळ ओलावा आधीच भरपूर असतो. दोन महिन्यांनी तिनं बुरशी लागलेल्या भिंतीचा फोटो पाठवला. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न गावाचा असतो.

तिसऱ्या भेटीला मृणालच्या सासूबाई आल्या. काकूंना मशीनचं कौतुक नव्हतंच. "आमच्या वेळी ओव्याची पुरचुंडी आणि वाफ. तेवढ्यानं होतं." मी विचारलं, वाफ कशी देता? "मांडीवर घेऊन, पातेल्यावर टॉवेल धरून." माझ्या पोटात गोळा आला. सोळा महिन्यांचं मूल एका झटक्यात पातेलं उलटवतं. २०२० मध्ये कोविडच्या भीतीनं घरोघरी वाफ सुरू झाली तेव्हा इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात वाफेनं भाजलेली मुलं एकदम कितीतरी पटींनी वाढली होती. आणि सर्दीवर गरम दमट हवेचा ठोस फायदा दिसत नाही, हा कॉक्रेनचा (उपचारांवरचं संशोधन एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा) आढावा चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनीच केलेला आहे. यातलं भाजण्याचं तेवढं मी काकूंना सांगितलं. आढाव्याचं नाही सांगितलं. चाळीस वर्षांच्या अनुभवासमोर आढावा टिकत नाही.

त्याऐवजी त्यांना काम दिलं. झोपायच्या आणि खाण्याच्या आधी प्रत्येक नाकपुडीत सलाईनचे दोन थेंब, मिनिटभर थांबायचं, मग मऊ फडक्यानं किंवा सक्शन बल्बनं (शेंबूड ओढून घेणाऱ्या रबरी फुग्यानं) नाक मोकळं करायचं. हे मृणालला जमत नव्हतं, मुलगी रडली की तिचा हात थांबायचा. काकूंचा थांबत नाही. मुगाचं कोमट कढण थोडं थोडं, दिवसातून चार-पाचदा. रात्री अर्धा चमचा मध, वर्ष उलटलंय म्हणून चालेल. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र बोटभरही नको. पुरचुंडी पाळण्याजवळ नको, आणि तव्यावर गरम केलेली छातीला तर नकोच. इथे काकू जरा रुसल्या. मी हट्ट सोडला नाही.

मृणालला एक गोष्ट करायला लावली: मुलगी शांत झोपली असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, पाणी-दूध पिणं थांबलं किंवा मूल मलूल झालं, तर रात्रीचे किती वाजलेत हे न बघता निघायचं. पहिल्या रात्री तिनं मला आकडा पाठवला: २८. मग दुसऱ्या रात्री २७. तिसऱ्या रात्री मेसेज आला नाही. विचारलं तर म्हणाली, "झोप लागली मला."

फेब्रुवारीत पुन्हा सर्दी झाली, मार्चमध्ये आणखी एकदा. दोन्ही वेळा ती आली नाही, फक्त कळवलं.

मे महिन्यात फोन आला. माहेरी, अकोल्याला चालली होती. आईनं खोलीत मीटर लावून घेतला होता म्हणे, दुपारी १९ दाखवत होता. "आता तरी हत्ती नेऊ ना मॅडम? इतका महागाचा पडून आहे."

१९ टक्के म्हणजे खरंच कोरडं. तिथे त्याचा उपयोग होईल, हे मी मान्य केलं. मग विचारलं, "तिकडे कूलर आहे का?"

"आहे की. मोठा. खिडकीतला."

"मग तोच तुमचा ह्युमिडिफायर. हत्ती राहू द्या घरी. वडिलांना सांगा, तुम्ही पोचायच्या आत कूलरची टाकी घासून घ्या आणि ताट्या नव्या बसवा."

पलीकडे ती दुसऱ्या फोनवर आईला विचारत असल्याचं ऐकू आलं, "अगं, ताट्या कधी बदलल्या होत्या?" उत्तर काय आलं ते मला कळलं नाही, पण मृणाल म्हणाली, "थांबा मॅडम, मी बाबांशी बोलते."