अर्धी कबुली

प्रश्न : नॅथॅनिएल हॉथॉर्नची 'द स्कार्लेट लेटर' नुकतीच वाचली. हेस्टर व्यभिचाराची खूण असलेलं लाल अक्षर छातीवर वागवते, साऱ्या बॉस्टनचा तिरस्कार सोसते, तरी तगते. तिच्या मुलीचा बाप, पाद्री डिम्सडेल, मात्र गावाला कळलेलं नसतानाही आतून झिजत जातो. म्हणजे चारचौघांत शिक्षा झालेलीच बरी, असं लेखकाला म्हणायचं आहे का?

उत्तर : मला तसं वाटत नाही. १८५० सालची ही कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी समासात डिम्सडेलबद्दल एकच शब्द लिहिला होता : भेकड. पुढे कधीतरी ११वं प्रकरण पुन्हा वाचलं आणि तो शब्द खोडला. गप्प कुठे बसतो तो? प्रार्थनेला जमलेल्या लोकांना तो सांगतो की मी पापी आहे, अत्यंत नीच आहे. काय केलं, कुणाबरोबर, एवढंच सांगत नाही. लोकांना वाटतं, केवढा हा विनम्र साधुपुरुष! त्यांची श्रद्धा वाढते, आणि ती वाढणार हे त्याला बोलतानाच ठाऊक असतं. खरं बोलूनही त्याचं खोटंच होतं. मग घरी दार लावून तो स्वतःला चाबकाने फोडून काढतो.

पुढच्याच प्रकरणात तो मध्यरात्री शिक्षेच्या चौथऱ्यावर चढतो. हेस्टरपासून झालेली त्याची मुलगी पर्ल तिथे त्याला विचारते, उद्या दुपारी आईबरोबर आणि माझ्याबरोबर इथे उभा राहशील? तो नाही म्हणतो. ७ वर्षांच्या पोरीला दिलेला हा नकार मला मूळ पापापेक्षा जड वाटतो.

आणि हेस्टरला तरी शिक्षेने कुठे बरं केलं? जंगलात ती अक्षर काढून फेकते, तर पोटची पोर जवळ येत नाही. ते पुन्हा लावावं लागतं. एक गुपित तिनंही ठेवलेलं असतं : डिम्सडेलला आतून पोखरणारा चिलिंगवर्थ हा आपला नवरा आहे, हे. डिम्सडेलची ती माफी मागते ती याच गोष्टीसाठी. प्रेमासाठी नाही.

दस्तयेव्स्कीच्या १८६६ सालच्या 'गुन्हा आणि शिक्षा'तला रास्कोल्निकोवही भर चौकात जमिनीचं चुंबन घेतो. लोक दारुडा समजून हसतात, आणि 'मी खून केला' हे शब्द ओठांवरून परत जातात. पोलिसांकडे जाऊनही तो न बोलताच जिना उतरतो. खाली सोन्या उभी असते, कबुली दे असं त्याला सांगणारी. तिला पाहून तो पुन्हा वर जातो.