कृष्णविवर ओढून घेईल का हो?

मागच्या अंकात कृष्णविवरांवर, म्हणजे प्रकाशही बाहेर सुटू न देणाऱ्या अतिदाट वस्तूंवर, चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा गठ्ठाच आला. त्यातले तीन प्रश्न घेते.

सूर्याचं अचानक कृष्णविवर झालं तर पृथ्वी आत खेचली जाईल का? (इयत्ता आठवी, कोथरूड)

नाही रे. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. हा प्रश्न दरवर्षी यायचा आणि उत्तर ऐकून पोरं दरवर्षी हिरमुसायची. गुरुत्वाकर्षणाला दोनच गोष्टींशी देणंघेणं: वस्तुमान किती आणि अंतर किती. सूर्य दाबून दाबून कृष्णविवर केलं, तर त्याचा व्यास उरेल जेमतेम सहा किलोमीटर, म्हणजे साधारण स्वारगेट ते विद्यापीठ चौक. पण वस्तुमान तेवढंच आणि आपलं अंतरही तेच, पंधरा कोटी किलोमीटर. पृथ्वी मुकाट्याने 365 दिवसांत फेरी मारत राहील. आठ मिनिटांनी अंधार होईल आणि पुढे आपण गारठून मरू, ते वेगळं.

मग भीती कसली? जवळ जाण्याची. आज सूर्याच्या केंद्रापासून सात लाख किलोमीटरवर त्याचा पृष्ठभागच आडवा येतो. तो आकसला की तेवढंच वस्तुमान तुला दहा किलोमीटरवर गाठता येईल, आणि तिथली ओढ भयंकर.

पृथ्वीचं कृष्णविवर करायचं तर ती 18 मिलिमीटरची व्हायला हवी. नातवाच्या डब्यातली गोटी पट्टीवर ठेवून पाहिली, 16 भरली. म्हणजे गोटीहून जराशी मोठी! आणि निर्धास्त राहा, सूर्याचं कृष्णविवर होणारच नाही. त्याला तारा जन्मतःच सूर्याच्या वीसेक पट जड लागतो.

प्रकाशही सुटत नाही, तर फोटो कसा निघाला? (सदाशिव पेठ)

फोटो विवराचा नाही, भोवतीच्या तापलेल्या वायूचा. मधला काळा भाग ही सावली. 10 एप्रिल 2019 ला जाहीर झालेलं ते चित्र एम 87 या दीर्घिकेतलं, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच ताऱ्यांच्या प्रचंड समूहातलं आहे, साडेपाच कोटी प्रकाशवर्षं लांबचं (प्रकाशालाच तिथून यायला तितकी वर्षं लागतात). जगभरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून ते मिळवलं. केशरी रंग नंतर भरलेला. आमच्या ह्यांनी ते पेपरात बघितलं आणि म्हणाले, "मेदूवडा!" मला अजून दुसरं काही दिसत नाही.

नातू मूळ नक्षत्रावरचा. आपल्या आकाशगंगेचं मोठं कृष्णविवर तिथेच आहे म्हणे. त्रास होईल का? (कर्वेनगरच्या एक आजी)

आजी, जागा तुम्ही बरोबर सांगितलीत. मूळ म्हणजे विंचवाची नांगी. तिच्या जरा पुढे, धनूच्या हद्दीत आकाशगंगेचं केंद्र. मे महिन्यात रात्री दोन-अडीचला दक्षिणेकडे बघा. मात्र पुण्याच्या दिव्यांत नको, पानशेतच्या बाजूला जा. तिथलं कृष्णविवर चाळीस लाख सूर्यांएवढं जड आहे खरं, पण 27 हजार प्रकाशवर्षं दूर. काल कॅल्क्युलेटर घेऊन बसले. नातवाला मांडीवर घेतलंत, की त्याच्यावरची तुमची ओढ त्या विवराच्या ओढीपेक्षा लाखो पट जास्त भरते.