टाकीत ई-20, बॉनेटखाली टर्बो

प्रश्न : दादा, माझ्याकडं 1.3 लिटरची जुनी पेट्रोल जिप्सी आहे, मागं पिकअपचा हौदा करून घेतलाय, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) बसवलाय, बूस्ट म्हणजे त्या हवेचा दाब 7 पीएसआय, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बाहेरचा. ट्यूनिंग 2021 मधी केलेलं तेव्हा गाडी नुसती पळायची. आता वैभववाडीकडनं करूळ घाट चढताना फुल थ्रॉटल दिला की अडखळते, सायलेन्सरमधनं फटफट होतं, ॲव्हरेज पण पडलंय. पंपावर सगळीकडं ई-20 च, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतंय. मित्र म्हणतोय इथेनॉलनं पावर वाढते, बाहेरच्या देशात रेसवाले ई-85 (85 टक्क्यांपर्यंत इथेनॉल) घालतात, आपण साखर कारखान्यावरनं स्पिरिट आणून अजून मिसळूया. मिसळू का?
— एक वाचक, कळे

उत्तर : भावा, स्पिरिटचं आधी डोक्यातनं काढ. कारखान्याच्या डिस्टिलरीत जे रेक्टिफाइड स्पिरिट निघतं ते साधारण 95 टक्के अल्कोहोल आणि बाकी पाणी, आणि हे शेवटचं पाणी नुसतं उकळून निघत नाही, त्याला मॉलिक्युलर सीव्हमधनं (पाणी धरून ठेवणाऱ्या बारीक छिद्रांच्या दाण्यांमधनं) काढावं लागतं, मग कुठं ते साडेनव्व्याण्णवच्या वर जातं आणि पेट्रोलमध्ये मिसळायला चालतं. पाणीवालं स्पिरिट टाकीत ओतलंस तर पाणी आणि अल्कोहोल एकत्र होऊन तळाला बसणार, आणि पंप तळातनंच ओढतो. शिवाय तो माल उत्पादन शुल्क खात्याच्या नजरेखालचा, कॅनभर जरी बाहेर आणलास तरी केस होते. आपल्या जिल्ह्यात कारखाने पावलापावलावर आहेत म्हणून हा विचार बऱ्याच पोरांच्या मनात येतो, म्हणून एवढं स्पष्ट लिहितोय.

आता तुझ्या गाडीचं. एक किलो पेट्रोल जळायला 14.7 किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त 9 किलो. म्हणजे हवा तेवढीच असेल तर इथेनॉल जास्त सोडावं लागतं. ई-20 ला हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. तू ट्यूनिंग केलंस तेव्हा पंपावर इथेनॉल 10 टक्क्यांपर्यंतच असायचं, त्या हिशेबानं आज इंजिनला साधारण 4 टक्के जास्त इंधन पाहिजे. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू स्वतः भरपाई करतो म्हणून गावात तुला काही जाणवत नाही, पण फुल थ्रॉटलला बऱ्याच ईसीयूत सेन्सरचं ऐकलं जात नाही, भरलेल्या मॅपप्रमाणंच (कधी किती इंधन सोडायचं त्याचा तक्ता) इंजेक्टर उघडतो, आणि मॅप तर जुन्या पेट्रोलचा. बूस्टमध्ये लीन झाली, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडलं, की अडखळणार, आणि तसंच रेटत राहिलास तर पिस्टन नाहीतर एक्झॉस्ट वाल्व जाणार. चढावरनं येऊन गाडी लगेच बंद कर, थंड झाल्यावर प्लग काढ, टोकाचं पोर्सेलिन पांढरंफट दिसलं तर गाडी लीन चाललीय समज.

वाइडबँड गेज (हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा मीटर) नसेल तर आधी तो बसव, त्याशिवाय मॅपला हात लावू नको. आणि एक लक्षात ठेव, बहुतेक गेज पेट्रोलच्या स्केलवर आकडा दाखवतात, त्यामुळं इंधन कुठलंही असलं तरी बरोबर मिश्रणाला 14.7 च दिसणार, तेव्हा ‘ई-20 आहे म्हणून साडेतेरा पाहिजे’ म्हणत बसू नको. लॅम्ब्डा बघ (बरोबर मिश्रणाला 1, त्याच्या खाली म्हणजे इंधन जास्त), बूस्टमध्ये 0.80 ते 0.85 च्या दरम्यान ठेव. इंजेक्टरची ड्युटी (एकूण वेळेतला किती वेळ तो उघडा राहतो) 80-85 टक्क्यांच्या वर जात असेल तर मॅप वाढवून उपयोग नाही, मोठे इंजेक्टर लागतील.

मित्र म्हणतो त्यात तथ्य नाही असं नाही. इथेनॉलचा ऑक्टेन (दाबाखाली आपोआप न पेटण्याची क्षमता) जास्त, आणि वाफ होताना ते भरपूर उष्णता शोषतं म्हणून सिलिंडरमधली हवा गार पडते, टर्बोवाल्याला हे सोनंच. ई-20 चा ऑक्टेन 95, साध्या पेट्रोलचा 91 होता. फ्युएल बरोबर झाल्यावर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) एकेक डिग्रीनं पुढं घे, नॉककडं (इंधन अवेळी पेटून येणारा टकटक आवाज) कान ठेवून, तुला पावर तिथं मिळेल. ई-85 ला मात्र साध्या पेट्रोलपेक्षा 40 टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन लागतं, तुझा पंप आणि लाइन त्याला पुरणारी नाही. ॲव्हरेज थोडं पडणारच, इथेनॉलमध्ये लिटरमागं ताकद पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी असते, ते ट्यूनिंगनं भरून निघत नाही.

पण मॅपच्या आधी पाइप बघ, हे मी सगळ्यांना सांगतो. गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्याकडं अशीच एक जुनी गाडी आली, स्टार्ट होईना. रिटर्न लाइनचा (उरलेलं इंधन टाकीत परत नेणारा) रबरी पाइप ब्लेडनं उभा चिरला तर आतला थर फुगून मऊ झालेला, बोट फिरवलं की काळा भुगा हाताला लागत होता, बाहेरनं मात्र पाइप नव्यासारखा. तो भुगा फिल्टरमध्ये आणि इंजेक्टरच्या जाळीत. मालकानं आधी प्लग, कॉइल, पंप सगळं बदलून बघितलेलं, वाईट वाटलं बघून. तुझी जिप्सी 2023 च्या आधीची, तिचं रबर या इंधनासाठी नव्हतंच. व्हायटॉन (इथेनॉलला टिकणारं रबर) अस्तराचा पाइप घे, वर एसएई 30 आर9 लिहिलेलं बघून घे, सिलिकॉनचा पाइप इंधनाला चालत नाही. इंजेक्टरचे ओ-रिंग, टाकीच्या झाकणाचं पॅकिंग पण बदल. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं म्हणून फिल्टर आत्ता एकदा आणि हजारभर किलोमीटरनं परत. गाडी पावसात महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी फुल ठेव, रिकाम्या जागेतली दमट हवा इथेनॉल ओढून घेतं.

हौदा आणि टर्बो आरटीओकडं नोंदलेले नसतील तर रस्त्यावर धरतील, 2019 मधी सुप्रीम कोर्टानं यावर स्पष्ट निकाल दिलाय, तेवढं बघून घे.

प्रश्न : आमचा पिकअप डिझेल आहे, त्यात थोडं ई-20 घातलं तर धूर कमी होईल का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नको ओ. डिझेल दाबानं पेटतं आणि इथेनॉल-पेट्रोल तसं पेटायला अवघड, वर डिझेलचं वंगण पातळ होऊन हायप्रेशर पंप आणि इंजेक्टर घासतात. चुकून पंपावर भरलं गेलं तर चावी पण फिरवू नका, टाकी उतरवून रिकामी करा. धुरासाठी एअर फिल्टर, टर्बोचा पाइप लीक आणि इंजेक्टरचा स्प्रे तपासा, ट्यूनिंगवाल्यानं डिझेल जास्त सोडलं असेल तर तो मॅप खाली आणायला सांगा.